आयडेंटिफायरच्या नावांवर बंधनं हवीत का?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. फावल्या वेळात एक लहान प्रोग्रामिंग भाषा लिहितो आहे. लेक्सर (कोडचे शब्द सुटे करणारा भाग) झाला, पार्सरही (त्या शब्दांची रचना ओळखणारा) बराचसा झाला. आता एका प्रश्नावर अडलो आहे आणि त्यावर इथे सविस्तर चर्चा व्हावी असं वाटतं. व्हेरिएबल, फंक्शन, टाइप यांना नावं (म्हणजेच आयडेंटिफायर) देताना लिहिणाऱ्याला किती मोकळीक द्यावी?

नेहमीचा नियम सगळ्यांना पाठ आहे. सुरुवात अक्षराने किंवा अंडरस्कोअरने, पुढे अक्षरं, आकडे, अंडरस्कोअर. या नियमामागे मला दोन कारणं दिसतात. एक, नाव कुठे संपलं हे लेक्सरला कळायला हवं. दुसरं, जुन्या लिंकरची (वेगवेगळ्या फायलींतला कोड जोडणाऱ्या प्रोग्रामची) कुवत. सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणात बाहेरच्या फायलींना दिसणाऱ्या नावांची पहिली ६ अक्षरंच वेगळी ओळखली जातील, एवढीच हमी होती. त्यातही लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जाईलच असं नव्हतं. सीच्या लायब्ररीतली ती तुटक नावं त्याच काळातली आहेत.

हे दुसरं कारण आता उरलेलं नाही. लिनक्सवरच्या ईएलएफ फायलीत (तयार प्रोग्राम ज्या साच्यात साठवतात त्यात) सिम्बॉलचं, म्हणजे फंक्शन वा व्हेरिएबलचं, नाव म्हणजे शेवटी शून्य असलेली बाइटांची माळ, मधे काहीही चालतं. जावाच्या व्हर्च्युअल मशीनला फील्डच्या नावात फक्त चार चिन्हं वर्ज्य आहेत: पूर्णविरामाचा टिंब, अर्धविराम, उघडता चौकोनी कंस आणि तिरकी रेघ. मेथडच्या नावात त्यांच्या जोडीला कोनी कंस. म्हणजे खालचा थर मोकळा आहे आणि कडकपणा वरच्या भाषेनेच लावून घेतला आहे.

माझ्या मनात असं आहे की नावात काहीही चालावं. स्पेस, हायफन, प्रश्नचिन्ह, आकड्याने सुरुवात, अगदी कीवर्डसुद्धा (भाषेने स्वतःसाठी राखलेले शब्द). 'एकूण रक्कम', 'रिकामी आहे का?', '३० दिवसांची सरासरी' अशी नावं लिहिता आली तर वाचणाऱ्याला किती सोपं जाईल! तुमची मतं हवी आहेत. विरोध असेल तर कारणासकट सांगा, म्हणजे मला काही शिकता येईल.

जुना_खांब

ही मोकळीक नवी नाही, त्यामुळे तिचा इतिहास आधी बघून घ्या.

जुन्या फोरट्रानमध्ये स्पेसला अर्थच नव्हता. कंपायलर सगळ्या स्पेस काढून टाकल्यासारखंच वाचायचा. त्यामुळे नावात स्पेस आपोआप चालायची. 'डू १० आय = १,१०' हे लूप. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडला की 'डू १० आय = १.१०', आणि हे लूप राहत नाही. 'डू१०आय' नावाच्या व्हेरिएबलमध्ये १.१० ही किंमत जाते. व्हेरिएबल आधी जाहीर करण्याची सक्ती नव्हती, म्हणून कंपायलर कुरकुरही करत नसे. फोरट्रान ९०मध्ये मुक्त मांडणी आली तेव्हा स्पेसला अर्थ दिला गेला.

दुसऱ्या टोकाला फोर्थ. तिथे शब्द वेगळे करते ती फक्त स्पेस. बाकी कुठलंही चिन्ह नावात चालतं. इंटरप्रिटर शब्द आधी शब्दकोशात शोधतो, सापडला नाही तरच तो आकडा आहे का ते बघतो. म्हणून तुम्ही '२' नावाचा शब्द स्वतः बनवू शकता. जुन्या फिग-फोर्थमध्ये ०, १, २, ३ हे खरोखरच शब्द म्हणून कोशात होते, कारण त्यात जागा वाचायची. नावांची एवढी मोकळीक असूनही लेक्सर चार ओळींचा.

या दोन्हींतून मी काढलेला निष्कर्ष असा: मोकळ्या नावांनी लेक्सर अवघड होत नाही. अवघड होतो तो एकच चिन्ह नावातही आणि नावाबाहेरही काम करायला लागलं की. लिस्पमध्ये हायफन सुखाने नावात बसतो, कारण वजाबाकी तिथे कंसाच्या सुरुवातीला येते. कोबॉलनेही नावात हायफन दिला, पण वजाबाकीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस सोडायची सक्ती करून. तुमच्या भाषेत 'अ-ब' लिहिलं तर ते एक नाव की वजाबाकी? हे ठरवल्याशिवाय 'काहीही चालेल' म्हणता येणार नाही.

वेलांटी

मग नावाला सीमा घाला, प्रश्न मिटला. साधं नाव नेहमीच्या नियमाने आणि बाकी काहीही हवं असेल तर बॅकटिकमध्ये, म्हणजे ` या दोन चिन्हांच्या मधे. कॉटलिनमध्ये हेच आहे, एफ-शार्पमध्ये दुहेरी बॅकटिक, झिगमध्ये @ लावून दुहेरी अवतरण. कॉमन लिस्प आणि स्कीममध्ये दोन उभ्या रेघांच्या मधे. स्विफ्टमध्ये बॅकटिक आधीपासून कीवर्डपुरते होते, ६.२ आवृत्तीपासून त्यांत स्पेससकट मोकळी नावं लिहिता येतात.

याचा सर्वांत सुंदर उपयोग मी टेस्टमध्ये, म्हणजे कोड तपासणाऱ्या कोडमध्ये, बघते. 'रिकामी यादी दिली तर बेरीज शून्य यावी' हे फंक्शनचं नावच असतं. टेस्ट पडली की अहवालात तेच वाक्य येतं. वेगळं वर्णन लिहायला नको, आणि वर्णन एक, नाव दुसरं असा प्रकारही होत नाही.

मुसाफिर

टेस्टपुरतं मान्य. एरवी माझा विरोध आहे.

नाव फक्त कंपायलर वाचत नाही. एडिटरमध्ये डबल-क्लिक केलं की पूर्ण नाव निवडलं जावं, फायलींमध्ये शोध घेतला की ते सापडावं, स्टॅक ट्रेसमध्ये (चूक झाल्यावर छापल्या जाणाऱ्या फंक्शनांच्या यादीत) ते कुठे संपलं ते दिसावं. स्पेस असलेल्या नावात ही सगळी हत्यारं बोथट होतात. कॉटलिनचंच घ्या. स्पेस असलेली मेथडची नावं अँड्रॉइडच्या रनटाइमला (प्रोग्राम चालवणाऱ्या थराला) एपीआय पातळी ३०पासूनच चालतात. भाषेने परवानगी दिली तरी खालच्या थराला ती मान्य व्हायला वेळ लागला. 'खालचा थर मोकळा आहे' हे अर्धविराम यांचं म्हणणं सगळीकडे खरं नाही.

डेटाबेसमध्ये तर हा प्रकार रोजचा आहे. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये अवतरणाशिवाय लिहिलेलं नाव लहान लिपीत बदललं जातं. डेटाबेसच्या एसक्यूएल भाषेचं प्रमाण उलट सांगतं, मोठ्या लिपीत बदला म्हणून. आणि एकदा टेबल बनवताना कोणी अवतरणात मोठं अक्षर घालून ठेवलं की पुढे ते नाव वापरणाऱ्या प्रत्येकाला जन्मभर अवतरण घालावं लागतं. ज्याने नाव ठेवलं तो निघून जातो, आणि टायपिंगचा भार बाकीच्यांवर राहतो.

त्यातच पोस्टग्रेसची नावाची मर्यादा ६३ आहे, पण ती बाइटांची. यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे काना, मात्रा, हलन्त सगळं धरून २१ चिन्हं. त्यापुढचं नाव एक सूचना देऊन कापलं जातं, क्वेरी मात्र पुढे चालू राहते.

चांदणी

मुसाफिर, तुमची तक्रार माणसाने मुद्दाम ठेवलेल्या नावांबद्दल आहे. पण कितीतरी नावं आपण ठेवतच नाही, ती बाहेरून येतात. मी विदेवर काम करते. तक्त्याच्या स्तंभांना लोक माणसांसाठी मथळे देतात, त्यांत स्पेस, कंस, टक्क्याचं चिन्ह सगळं असतं. आर भाषेत डेटाफ्रेम बनवताना ही 'अवैध' चिन्हं आपोआप टिंबांत बदलतात. मग दोन वेगळे मथळे, एकात गोल कंस आणि एकात चौकोनी, बदलून एकसारखेच होतात आणि एकाच्या शेपटीला १ लागतो. कुठला स्तंभ कुठला ते मूळ फाइल उघडून बघावं लागतं. तो बदल बंद करून बॅकटिकमध्ये मूळ मथळाच वापरला की हा घोळ होत नाही.

जेसन या विदेच्या मांडणीतल्या 'की' (घटकांची नावं), दुसऱ्या भाषेतल्या लायब्ररीची फंक्शनं, सगळ्यांचं तेच. जावाच्या थ्रेडमध्ये 'यील्ड' नावाची मेथड आहे आणि स्कालात 'यील्ड' हा कीवर्ड. बॅकटिक नसते तर स्कालातून ती मेथड हाकच मारता आली नसती. रस्टने २०१८च्या आवृत्तीत 'असिंक' कीवर्ड राखून ठेवला, तेव्हा त्या नावाची फंक्शनं असलेल्या जुन्या लायब्ररी वापरता याव्यात म्हणून नावाआधी 'आर#' लावायची सोय केली. सी-शार्पमध्ये @ लावतात. म्हणून मोकळं नाव ही भाषेची गरज आहे. ज्या भाषेत ते नाही, ती पुढे नवा कीवर्ड आणताना जुना कोड मोडते.

मुसाफिर

बाहेरून आलेल्या नावांचा मुद्दा पटला. तिथे दुसरा मार्ग नाही.

अर्धविराम

सीमा घालण्यावर एकमत होताना दिसतं आहे, माझाही कल आता तिकडेच झाला. जुना_खांब यांनी सांगितलेला फोरट्रानचा प्रकार वाचल्यावर उघड्या नावात स्पेस देण्याचा विचार सोडला.

आता उरतो बॅकटिकशिवाय लिहायच्या नावांचा प्रश्न. तिथे 'अक्षर' म्हणजे काय धरायचं? मी कोडमध्ये युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाचा) 'अक्षर' हा गट तपासतो आहे. सगळ्या भाषा आल्या त्यात, बरोबर ना?

अनुस्वार

नाही! आणि हीच चूक मोठमोठ्या भाषांच्या रचनेत शिरली आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

युनिकोडमध्ये क, ख, ग ही 'अक्षरं' आहेत. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही 'जोडचिन्हं' आहेत, वेगळ्या गटात. गो भाषेत नाव म्हणजे अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर. जोडचिन्हं त्यात नाहीत. परिणाम असा की गोमध्ये 'घर' नावाचं व्हेरिएबल चालतं, 'गवत' चालतं, पण 'शाळा' चालत नाही, 'किंमत' चालत नाही. काना दिसला की कंपायलर अवैध चिन्ह म्हणून थांबतो. हे गोच्या कर्त्यांना माहीत आहे. त्यांच्या नेहमीच्या प्रश्नांच्या पानावर देवनागरीचं नाव घेऊन ते लिहिलेलं आहे. गोमध्ये पॅकेजबाहेर दिसायचं असेल तर नावाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीतलं लागतं. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नाही. म्हणजे 'घर' लिहिता आलं तरी ते पॅकेजच्या बाहेर कधीच जाणार नाही. रुबीतही तसंच: व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, पण क्लासचं नाव मोठ्या अक्षराने सुरू व्हावंच लागतं, म्हणून 'शाळा' नावाचा क्लास होऊ शकत नाही.

तेव्हा अर्धविराम, पहिली विनंती: अक्षराच्या आकारावर भाषेचा कुठलाही अर्थ टांगू नका. काय बाहेर दिसावं हे कीवर्डने सांगा. जगातल्या बहुतेक लिपींत मोठी अक्षरं नाहीत.

दुसरं, 'अक्षर' गट तपासू नका. युनिकोडच्या ३१ क्रमांकाच्या परिशिष्टात नावाच्या सुरुवातीला काय चालेल आणि पुढे काय चालेल अशा दोन याद्या तयार आहेत. जोडचिन्हं दुसऱ्या यादीत आहेत. पायथन ३ हेच वापरतो, त्याचा प्रस्ताव क्रमांक ३१३१, २००७चा. रस्टने १.५३ आवृत्तीत, २०२१ साली हे आणलं. सी आणि सी++च्या २०२३च्या प्रमाणांतही याच याद्या आल्या.

एवढं करूनही मराठीचं काम पूर्ण होत नाही. 'दऱ्या' हा शब्द घ्या. यातला अर्धा र दोन प्रकारे टंकित होतो. एक, नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरा, साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक म्हणजे झेडडब्ल्यूजे, मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण तो न दिसणारा जोडक वरच्या याद्यांत नाही, म्हणून पायथन दुसरा प्रकार नाकारतो. जावास्क्रिप्टमध्ये तो जोडक नावात चालतो, पण जावास्क्रिप्ट नावांचं कसलंच नॉर्मलायझेशन (एकाच मजकुराची वेगळी रूपं एक करणं) करत नाही. तिथे एकाच फाइलीत दोन 'दऱ्या' असू शकतात, डोळ्यांना एक आणि इंजिनाला वेगवेगळ्या.

काही जण म्हणतील, न दिसणारी चिन्हं सरसकट गाळून टाका. ते तर आणखी वाईट. दुसऱ्या प्रकारातून जोडक गाळला की उरतं 'दर्या', म्हणजे समुद्र. 'आचाऱ्यांना'मधून गाळला की 'आचार्यांना'. अर्थ वेगळा, आणि दोन्ही शब्द मराठीत रोजचे. बरोबर उपाय एकच दिसतो: र, हलन्त, जोडक ही तिकडी दिसली की ती ऱ, हलन्त अशी बदलून घ्यायची आणि मग तुलना करायची.

'ॲ'ची गोष्टही अशीच. हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधीपासून लोक 'अ'वर चंद्र देऊन ते लिहीत आले आहेत आणि अजूनही लिहितात. युनिकोडच्या कुठल्याही नॉर्मलायझेशनमध्ये ही दोन रूपं एक होत नाहीत. त्यामुळे 'ॲप' नावाची दोन व्हेरिएबल पायथनमध्येही होतात. एकाने एका कीबोर्डवर लिहायचं, दुसऱ्याने दुसऱ्यावर, आणि कंपायलर म्हणणार की असं नाव जाहीरच केलेलं नाही. त्या माणसाने काय शोधायचं?

आणि आकडे. 'किंमत१' मधला १ देवनागरी आहे की रोमन, यावर ती दोन वेगळी नावं ठरतात. नॉर्मलायझेशन इथेही मदत करत नाही. यावर मी बदल करा असं म्हणणार नाही, पण एकाच फाइलीत दोन्ही दिसली तर कंपायलरने इशारा द्यावा.

प्रश्नचिन्ह

अनुस्वार, माहिती उत्तम, पण यातून माझा निष्कर्ष अगदी उलटा निघतो. एवढे खड्डे असतील तर नावं आस्कीतच (साध्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत) ठेवलेली बरी. २०२१मध्ये केंब्रिजच्या निकोलस बाउचर आणि रॉस अँडरसन यांनी 'ट्रोजन सोर्स' नावाने दाखवून दिलंच की युनिकोड वापरून माणसाला एक आणि कंपायलरला दुसरं असा कोड लिहिता येतो. सिरिलिक लिपीतला 'ए' रोमन 'ए'सारखाच दिसतो. असं एक अक्षर बदलून दुसरंच फंक्शन हाक मारलं जाईल. तपासणाऱ्याला दिसणारही नाही.

अनुस्वार

त्या शोधात दोन वेगळे हल्ले होते, सुरक्षेच्या त्रुटींच्या सीव्हीई यादीतले त्यांचे क्रमांकही वेगळे आहेत. मोठा हल्ला, सीव्हीई-२०२१-४२५७४, हा मजकुराची दिशा उलटवणाऱ्या चिन्हांचा. तो मुख्यतः कमेंट आणि स्ट्रिंगमधून चालतो. नावं आस्कीत कोंडून तो थांबत नाही. दुसरा, ४२६९४, सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा, तो नावांना लागू आहे हे खरं.

पण त्यावर उत्तर तयार आहे. एकाच फाइलीत सारखी दिसणारी दोन नावं आली तर रस्टचा कंपायलर इशारा देतो. लिप्यांच्या संशयास्पद मिश्रणावरही देतो. युनिकोडच्या ३९ क्रमांकाच्या तांत्रिक प्रमाणात अशा जोड्यांची यादी आहे, ती कोणालाही वापरता येते. आस्कीतही मोठा 'आय', लहान 'एल' आणि १ अनेक फाँटमध्ये ओळखू येत नाहीत. तिथे कोणी अक्षरं काढून टाका म्हणत नाही, चांगला फाँट वापरा म्हणतात.

आणि ज्याला फक्त आस्की हवं तो प्रकल्प लिंटरमध्ये (कोड तपासून इशारे देणाऱ्या हत्यारात) तसं ठरवू शकतो. रस्टमध्ये तशी सोय आहे. भाषेने दार बंद केलं तर मात्र ते कोणालाच उघडता येत नाही. करव्यवस्था, कायदा, व्याकरण अशा विषयांवर कोड लिहिताना मूळ संज्ञा मूळ भाषेत असतात. त्यांची रोमन लिपीत रूपं केली की प्रत्येक जण वेगळं स्पेलिंग करतो. 'ळ' आणि 'ल', 'ण' आणि 'न' एकच होऊन बसतात. तो गोंधळ सुरक्षित म्हणायचा का?

प्रश्नचिन्ह

इशारे मुळातच चालू असतील, मुद्दाम चालू करावे लागणार नसतील, तर माझा विरोध मागे.

वेलांटी

बॅकटिकबद्दल एक राहून गेलं. बॅकटिकमधलं साधं नाव आणि उघडं नाव एकच धरा. स्कालात पॅटर्न मॅचिंग करताना (किंमत दिलेल्या साच्याशी ताडून बघताना) उघडं लहान अक्षरातलं नाव म्हणजे नवं व्हेरिएबल, आणि बॅकटिकमधलं म्हणजे आधीच्या व्हेरिएबलशी तुलना. सोय आहे, पण त्यामुळे बॅकटिकला दोन कामं झाली. बॅकटिकने फक्त नावाची सीमा दाखवावी, अर्थ बदलू नये.

अर्धविराम

खूप खूप आभार. आजपर्यंतचं ठरलेलं लिहितो.

उघड्या नावांना परिशिष्ट ३१च्या याद्या. बॅकटिकमध्ये काहीही, फक्त ओळ तोडणारी, दिशा बदलणारी व इतर नियंत्रण चिन्हं आणि स्वतः बॅकटिक सोडून. नाव रिकामं नको, सुरुवातीला आणि शेवटी स्पेस नको. बॅकटिकने अर्थ बदलणार नाही. बाहेर दिसण्यासाठी वेगळा कीवर्ड. तुलनेआधी युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन, आणि त्यावर अर्ध्या ऱ ची आणि ॲ ची दोन रूपं एक करणारा माझा स्वतःचा टप्पा. पायथन वापरतो ते एनएफकेसी हे जास्त व्यापक नॉर्मलायझेशन घेत नाही. त्यात घातांकातला २ आणि साधा २ एक होतात, आणि गणिताचा कोड लिहिणाऱ्याला ते वेगळे हवे असू शकतात.

एक शंका. रनटाइमला, म्हणजे प्रोग्राम चालू असताना, स्ट्रिंगमधून नाव आलं तर?

अनुस्वार

तिथेही तेच फंक्शन लावा. पायथनमध्ये सोर्समधलं नाव नॉर्मलाइझ होतं, पण 'गेटॲट्र'ला (नावावरून घटक काढून देणाऱ्या फंक्शनला) दिलेली स्ट्रिंग तशीच वापरली जाते. म्हणून कोडमध्ये चालणारं नाव स्ट्रिंगमधून शोधलं तर सापडत नाही, असं होऊ शकतं. नावाची तुलना करणारी जागा साऱ्या भाषेत एकच असू द्या. चांदणी यांच्या स्तंभांनाही मग तोच नियम लागेल.

जुना_खांब

मोड्यूलचं नाव आणि फाइलचं नाव एकच ठेवणार असाल तर फाइलसिस्टिम तुमच्या नियमात ढवळाढवळ करणार. मॅकची जुनी एचएफएस-प्लस ही फाइलींची नावं सुटी करून साठवायची, म्हणजे ऱ चा र आणि नुक्ता. विंडोजवर नावात प्रश्नचिन्ह चालत नाही, लहान-मोठी लिपी एकच धरली जाते. 'रिकामी आहे का?' हे फंक्शनचं नाव ठीक, मोड्यूलचं नको.

आणि सीमधून तुमची फंक्शनं बोलवायची असतील तर प्रत्येकाला एक साधं पर्यायी नाव देण्याची सोय ठेवा. जीसीसी या सीच्या कंपायलरमध्ये जाहीर करताना असेम्ब्लीतलं नाव वेगळं देता येतं, पण तो भार सीच्या माणसावर का टाकायचा?

अर्धविराम

मोड्यूलचं नाव फाइलीच्या आत पहिल्या ओळीत लिहायचं, फाइलीचं नाव काहीही असो. सीसाठी पर्यायी नाव लिहिण्याची जागा फंक्शनच्या जाहीरनाम्यात देतो.

अर्ध्या ऱ चा टप्पा लिहायला घेतला आहे. तपासायला जुन्या-नव्या कीबोर्डवर टंकलेला मजकूर लागेल, दोन्ही रूपांतला. कोणाकडे तशा साध्या टेक्स्ट फायली असतील तर व्यक्तिगत निरोपातून पाठवा. कृपया वर्ड प्रोसेसरमधून कॉपी करू नका, मूळ फाइलच द्या, म्हणजे न दिसणारी चिन्हं जशीच्या तशी येतील.